मेम्ब्रेन बदलायच्या आधी जंतूंकडे बघा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

सोलापुरात टॉवेलच्या रंगाचं सांडपाणी साफ करणाऱ्या एका प्लँटवर मी नऊ वर्षं शिफ्ट करतोय. दर उन्हाळ्यात तेच ऐकतो, मेम्ब्रेन चोक झालं, हायपो (धुवायचं ब्लीच) मारा, नाही सुटलं तर नवीन मागवा. हे मेम्ब्रेन म्हणजे टाकीत बुडवलेली जाळी, भोकं इतकी बारीक की (0.04 ते 0.4 मायक्रॉन) पाणी बाहेर येतं आणि एखाद मायक्रॉनचा जंतू आतच अडकतो. पण घाण खातात ते हे जंतूच की ओ! टाकीतला तपकिरी गाळ म्हणजे त्यांचं अख्खं गाव, कोणी खळीचा स्टार्च खातो तर कोणी अमोनियाचं नायट्रेट करतो.

रात्री कुठूनतरी रंगाचा बाथ (टॉवेल रंगवून उरलेलं पाणी) एकदम सुटतो, त्यात मीठ, कॉस्टिक सोडा, वरून पाणी गरम, मग हे जंतू बिथरतात आणि जास्त चिकट लाळ सोडतात, साखरेची नि प्रोटीनची, ती जाळीवर बसते, हात लावला तर ओढ्यातल्या दगडासारखी बुळबुळीत लागते. जाळीतून पाणी ओढणाऱ्या सक्शनचं गेज चढत जातं, पाणी निम्म्यावर येतं. गेल्या मे महिन्यात असंच झालं, पीएच दहाच्या वर गेलेला मी लॉगबुकात लिहिला होता, कोणी पान उलटून बघितलं नाही, सरळ हायपोचा डोस डबल केला. चार दिवस बरं चाललं. पण जास्तीचा हायपो टाकीत उतरला की कामाचे जंतू मरतात, त्यांच्यातलाच चिकटा परत जाळीवर येतो आणि जाळीचं आयुष्य घटतं ते वेगळंच.

जंतू एकमेकांना केमिकलचे सिग्नल देऊन जाळीवर थर बांधतात. सेऊलच्या शास्त्रज्ञांनी तो सिग्नल तोडणारा दुसरा जंतू मण्यांत भरून टाकीत सोडला आणि चोक होणं लांबवलं. भारी काम आहे, पण आपल्याला आधी साध्या गोष्टी जमू देत. रंगकाम करणाऱ्या प्रोसेसवाल्यांनी बाथ सोडायच्या आधी एक फोन करावा, इक्वलायझेशन टँक रिकामी ठेवावी म्हणजे तिथे पाणी मिसळून हळूहळू पुढे सोडता येईल, लाईट गेली तर जंतूंना हवा देणाऱ्या ब्लोअरला जनरेटर पाहिजे, आणि ऑपरेटरला एक मायक्रोस्कोप द्या, गाळ बिघडायला लागलाय हे आम्हाला गेज चढायच्या आधी दिसेल.

माझ्या गल्लीत नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, आणि इथे साफ होऊन परत वापरता येईल असं पाणी एका चुकीच्या बाथमुळे वाया जातं, हे बघवत नाही. मे महिन्याची सगळी नोंद मी तारीख-वेळ घालून काढून ठेवलीय, कारखानदारांपैकी कोणाला बघायची असेल तर मी समोर बसून दाखवायला तयार आहे.

आपला,
एक प्लँट ऑपरेटर, सोलापूर