शिबिरात बायकांना हेही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती आले की कोल्हापुरातली तालीम मंडळं आरोग्य शिबिरं घेतात. बीपी, शुगर, डोळे, हिमोग्लोबिन तपासतात, चांगलंच आहे. पण ‘खोकताना, हसताना लघवी सुटते का?’ असं तिथं एकाही बाईला विचारत नाहीत. ती आपणहून सांगणार नाहीच. टेबलापलीकडं कागद भरणारा पोरगा गल्लीतला, बहुतेक तिच्या लेकाचा दोस्त असतो.

आमच्या बचत गटात हा विषय निघाला तो फुगडीवरून. गौरीच्या जागरणाला काही जणी खेळायला उठायच्याच नाहीत, गुडघे दुखतात म्हणायच्या. शेवटी एकजण म्हणाली, “उडी मारली की परकर भिजतोय, काय खेळू?” मग एकेकीचं बाहेर आलं. एकीच्या पिशवीत कायम जादाचा परकर असतो. दुसरी लग्नाकार्याला जायचं असलं की सकाळपासून पाणीच पीत नाही. हा उपाय तर उलटाच पडतो. पाणी कमी पडलं की लघवी कडक होते, मूत्राशयाला जास्त टोचते, शिवाय बद्धकोष्ठ होतो तो वेगळाच. बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृहं कमी आहेत ही रड आहेच. त्यावर आपल्या दैनिकात पुष्कळदा छापून येतं, म्हणून इथं लांबण लावत नाही.

हा त्रास दोन तऱ्हेचा असतो. खोकला, शिंक, हसू किंवा ओझं उचलताना थोडी लघवी निसटते, ती एक. अचानक जोराची लागते आणि संडास गाठेपर्यंत धरवत नाही, ती दुसरी. कित्येकींना दोन्ही असतात. दोन्हींचे उपचार वेगळे, म्हणून डॉक्टरांना नुसतं ‘लघवीचा त्रास’ न सांगता नेमकं काय होतं ते सांगावं.

कारणं आपल्या रोजच्या जगण्यातलीच आहेत. बाळंतपणात ओटीपोटाखालचे स्नायू ताणले जातात. सिझर झालेल्यांना धोका कमी, पण अजिबात नाही असं नव्हे. पाळी गेल्यावर तिथली त्वचा नि स्नायू सैलावतात. वाढलेलं वजन, दम्याचा किंवा चुलीच्या धुरानं जडलेला जुना खोकला, शौचाला कुंथणं आणि मधुमेह यांनीही भर पडते. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते. वैरणीचा भारा डोक्यावर घेणाऱ्या बाईच्या ओटीपोटावर किती दाब येत असेल, ते वेगळं सांगायला नको.

आणि यातलं बरंचसं ऑपरेशनशिवाय आटोक्यात येतं! डॉ. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली मांडलेला व्यायाम आजही पहिला उपाय आहे. लघवी आणि वारा एकदम रोखल्यासारखे स्नायू आत खेचायचे, काही सेकंद धरायचे, सोडायचे. एका वेळी निदान ८ वेळा, असं दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने. भाकऱ्या थापतानाही करता येतो. मात्र लघवी करताना मध्येच अडवून सराव करू नये. दुसऱ्या तऱ्हेच्या त्रासात दोन वेळांमधलं अंतर हळूहळू वाढवतात, चहा कमी करायला सांगतात, लागल्यास गोळ्याही देतात. लघवीत रक्त दिसलं, जळजळ किंवा ताप असला, अंग म्हणजे गर्भाशय बाहेर येत असलं, तर घरगुती उपायात वेळ घालवू नये.

मंडळांना एवढंच सांगणं आहे, की येत्या शिबिरात एक टेबल पडद्याआड ठेवा, तिथं बाईच बसवा आणि शुगरच्या रकान्याखाली हा एक प्रश्न छापा. बाळंतपणानंतर आशाताई ४२ दिवसांपर्यंत बाळाला बघायला घरी येतात. त्यांनी त्याच फेरीत बाळाच्या आईलाही हे विचारावं, व्यायाम दाखवावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

आपली,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर