किनारा मोजला, खाडीचे मुख कधी?

संपादक महोदय,

भारताची किनारपट्टी ७,५१६ किलोमीटरवरून ११,०९८ किलोमीटर झाल्याची बातमी आली, तेव्हा आमच्या हर्णै बंदरावर चांगलीच थट्टा झाली. ‘किनारा वाढला म्हणतात, मग मासळी का आटली?’ असे एका तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, मला विचारले. किनारा अर्थातच होता तेवढाच आहे. जुना आकडा १९७०च्या दशकातला, फार लहान प्रमाणाच्या नकाशावरून काढलेला. त्यात खाड्यांची वळणे हिशेबातच आली नव्हती. आता १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशांवरून मोजल्यावर एकट्या महाराष्ट्राचा किनारा ६५२ वरून जवळपास ८७८ किलोमीटर भरला.

किनारा मोजला हे चांगलेच झाले. पण खरा मामला पाण्याखाली आहे. जमिनीला सातबारा असतो, तसा समुद्रालाही लागतो. १९८२च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैल ही देशाची हद्द, आणि २०० मैलांपर्यंत मासळी, तेल, खनिजे यांवर हक्क. त्यापलीकडच्या तळावर हक्क सांगायचा, तर आपलीच जमीन पाण्याखाली तिथवर पसरली आहे हे दाखवून द्यावे लागते. पाण्याखाली जमीन खोल उतरत जाते, त्या उताराचा पायथा कुठे येतो, त्यावर गाळाचा थर किती जाड, हे मोजून. भारताने असा दावा मे २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे मांडला. तिथे छाती ठोकून काम भागत नाही, खोलीचे आकडे ठेवावे लागतात.

हे आकडे कोणाच्या हाती असावेत, यावरून शेजारी देशांत राजकारण पेटते. मालदीवने भारताबरोबरचा २०१९चा जलसर्वेक्षणाचा, म्हणजे समुद्राची खोली आणि तळ मोजण्याचा करार पुढे चालू ठेवायचा नाही असे २०२३च्या अखेरीस ठरवले. दोनच महिन्यांनी चीनचे एक संशोधन जहाज मालेला लागले. ते आमच्या पाण्यात संशोधन करणार नाही, असे मालदीवने सांगितले. श्रीलंकेने तर २०२४मध्ये वर्षभर परदेशी संशोधन जहाजांना दारच बंद केले. कारण उघड आहे. तळ कसा आहे, कोणत्या थरात पाणी किती गार आणि किती खारट आहे, त्यातून आवाज कसा वळतो, हे ज्याला ठाऊक त्याला पाणबुडी लपवताही येते आणि शोधताही येते.

आपल्याकडेही याची जुनी खूण आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, भर समुद्रात तळ एकदम वर येतो, वीसेक मीटरपर्यंत. तिथे प्रवाळ आहे. या पठाराला नाव आहे आंग्रिया बँक. कान्होजी आंग्रे आपले, पण ‘आंग्रिया’ हा उच्चार इंग्रजांचा. म्हणजे नकाशा कोणी काढला ते नावातच आले. आज आपले नकाशे आपले नौदलच काढते. या नकाशांच्या कामाचे मुख्य कार्यालय देहरादूनला आहे, हिमालयाच्या पायथ्याशी! यावरही आमच्या बंदरावर विनोद होतात, पण काम चोख आहे. नकाशावरची खोली भरतीची नसते, मोठ्यात मोठ्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. म्हणजे आकडा वाचणाऱ्याला तेवढे पाणी तरी मिळेलच, असा हिशेब.

माझे गाऱ्हाणे मात्र लहान पाण्याचे आहे. वादळाची सूचना आली की हर्णैच्या बोटी आसऱ्याला आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. खाडीच्या मुखाशी वाळू आणि गाळ साचतो, आणि दर पावसाळ्यानंतर वाट सरकते. शेत एकदा मोजले की पिढ्यान्‌पिढ्या चालते. खाडीचे मुख वर्षभरही तसेच राहत नाही. माझ्या धाकट्या भावाची बोट अशीच एकदा रुतली. मागे उधाण, पुढे वाळू, आणि बोटीवर सातजण. सगळे सुखरूप आले, बोटीची फळी मात्र फुटली. गेल्या साली जिथून गेलो तिथूनच गेलो, असे तो आजही सांगतो. त्याचे चुकले असे मला वाटत नाही.

मोठी जहाजे जातात त्या वाटेचा तळ नेमाने मोजला जातो, कारण तिथे फूटभर पाणी कमी पडले तरी माल उतरवावा लागतो. आमच्या खाडीच्या मुखाची मोजणी दरवर्षी पावसाळ्याचा जोर ओसरल्यावर, नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडतात त्याच सुमारास, व्हावी. लहान लाँच आणि एक इको साउंडर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजणारे यंत्र) एवढ्यात ती होते. आणि तो नकाशा मराठीत, वाव (खोलीचे जुने माप, सुमारे सहा फूट) आणि मीटर दोन्ही आकड्यांत, मासळीच्या लिलावाच्या जागी भिंतीवर लावावा. तांडेल लोक रोज संध्याकाळी तिथेच असतात.

– एक वाचक, हर्णै (ता. दापोली, जि. रत्नागिरी)