आखातातून परतणाऱ्यांचीही दखल घ्यावी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

महात्मा गांधी ९ जानेवारी १९१५ रोजी दक्षिण आफ्रिकेतून मायदेशी परतले. त्या दिवसाची आठवण म्हणून २००३ पासून आपल्याकडे प्रवासी भारतीय दिवस साजरा होतो. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून परदेशी राहून परत आलेल्या कुटुंबांविषयी आवर्जून लिहिले जाते. त्या लेखांतली कुटुंबे बहुधा अमेरिका, इंग्लंड किंवा जर्मनीतून आलेली असतात. मुलांना मराठी वाचता येत नाही, परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डाचे काय करायचे, पुण्यात घर घ्यावे की गावी राहावे, असे त्यांचे प्रश्न असतात आणि ते खरेच आहेत. परंतु परतणाऱ्यांचा फार मोठा वर्ग या लेखांत कधी येत नाही. तो वर्ग आखाती देशांतून परत येणाऱ्या कामगारांचा आणि तंत्रज्ञांचा आहे, आणि सोलापूरसारख्या शहरात परत येणारा माणूस पुष्कळदा तोच असतो. त्याच्या बाजूने चार गोष्टी मांडाव्यात म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय राहतात. आपल्या शहरातल्या कापड गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, यंत्रमागाच्या धंद्याचाही भरवसा राहिला नाही, तेव्हा पूर्व भागातल्या आणि इतर कामगार वस्त्यांतल्या अनेक मुलांनी वायरमन, फिटर, वेल्डर, ड्रायव्हर म्हणून बाहेरची वाट धरली. मी त्यांपैकीच एक. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळत असे. मी वायरमनचा कोर्स करून संयुक्त अरब अमिरातीतल्या शारजाला गेलो आणि दीड दशकाहून अधिक काळ तिथल्या उंच इमारतींच्या देखभालीचे काम करून, सुपरवायझर म्हणून निवृत्ती घेऊन परत आलो.

अमेरिकेला जाणाऱ्या माणसासमोर तिथेच स्थायिक होण्याची शक्यता निदान असते. आखातात जाणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते की आपल्याला परत यायचेच आहे. तिथे नागरिकत्व मिळणे आमच्यासारख्यांना जवळजवळ अशक्य, राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, आणि बायकामुलांना नेण्यासाठी ठरावीक पगार व घरभाड्याची ऐपत लागते, म्हणून बहुतेकांची कुटुंबे इथेच राहतात. माणूस वर्षा-दोन वर्षांनी महिनाभराच्या सुट्टीवर येतो, लग्नकार्ये उरकतो, घराचे राहिलेले बांधकाम पुढे नेतो आणि जातो. त्यामुळे तो कायमचा परत येतो तेव्हा त्याच्यावाचून चालायला शिकलेल्या घरात येतो, आणि ही अडचण अमेरिकेहून सहकुटुंब येणाऱ्याला सहसा भेडसावत नाही.

आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, आणि ते रात्री अपरात्री येते. पाणी आज येणार की उद्या, शेजारच्या गल्लीत सोडले की आपल्याकडे किती वेळाने पोहोचते, मोटार कधी लावायची, खालचा हौद भरल्यावर वरची टाकी किती मिनिटांत भरते, हे सारे माझ्या पत्नीला तोंडपाठ आहे. वीस मजली इमारतींचे पंप मी वर्षानुवर्षे सांभाळले, तरी या घरातल्या पाण्याचा निर्णय तिचाच आहे आणि तो तिचाच असला पाहिजे. मुलांच्या शाळेतल्या बैठका, माझ्या आईचे दवाखाने, घरपट्टी, बँक, भावकीतली देणीघेणी हे सगळे तिने एकटीने पार पाडले. मी परतल्यावर नातेवाईक तिला मायेने सांगू लागले की, आता ते आलेत, आता तुम्ही विश्रांती घ्या. त्या मायेत घराची सूत्रे नवऱ्याच्या हाती द्यावीत ही अपेक्षा दडलेली असते, आणि मला ती अन्यायाची वाटते. ज्या बाईने इतकी वर्षे घर चालवले, तिच्या हातून ते काढून घेणे म्हणजे तिची कमाई काढून घेणे होय. परतलेल्या पुरुषाने त्या घरात स्वतःसाठी नवे काम शोधावे, हे मी माझ्यासारख्या सर्वांना कळकळीने सांगू इच्छितो.

यात पुरुषाच्या मनाला काहीच लागत नाही असे मात्र कोणी समजू नये. सहलीला जायचे असले तरी मुलगा परवानगी आईला विचारतो. आल्यानंतर दोन-तीन महिने झाले तेव्हा धाकटीने जेवताना सहज विचारले, ‘बाबा, तुमचं तिकीट कधीचं आहे?’ तिचे काही चुकले नव्हते. तिने बाबांना नेहमी तिकिटासहच पाहिले होते. अशा वेळी माणूस गप्प होतो आणि घरच्यांना वाटते की त्याला तिकडची आठवण येते आहे. हे दोन्ही बाजूंनी समजून घ्यायला काही महिने पुरत नाहीत, वर्षे लागतात.

पैशाविषयीचे गैरसमजही दूर व्हायला हवेत. आखातातून आलेला माणूस म्हणजे गाठीशी भरपूर पैसा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. संयुक्त अरब अमिरातीत परदेशी कामगाराला निवृत्तिवेतन नाही. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते. तिचा हिशेब पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांचा आणि त्यापुढे वर्षाला ३० दिवसांचा मूळ पगार असा असतो. म्हणजे पंधरा वर्षे घाम गाळलेल्या माणसाच्या हातात ४०५ दिवसांचा पगार पडतो, तोही मूळ पगार, जो हाती येणाऱ्या रकमेपेक्षा बराच कमी असू शकतो. त्यातून बहिणीच्या मुलीचे लग्न, भावाचे कर्ज आणि जुळे सोलापूर या उपनगरातला प्लॉट अशा अपेक्षा धरल्या की वर्षभरात ती रक्कम संपते. आपल्या राष्ट्रीय पेन्शन योजनेत अनिवासी भारतीयालाही खाते उघडता येते. ही साधी माहिती तिकडे असतानाच मिळाली असती तर अनेकांचे म्हातारपण सुखाचे झाले असते.

आरोग्य विम्याचेही तसेच आहे. तिकडे मालकाने काढलेला विमा नोकरीबरोबर संपतो आणि इथे पन्नाशीत नवी पॉलिसी घ्यावी तर आधीपासूनच्या मधुमेहाला किंवा रक्तदाबाला तीन वर्षांपर्यंत संरक्षण मिळत नाही. नोकरीत असतानाच भारतातली पॉलिसी सुरू केली की ही मुदत तिकडेच सरून जाते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे ५ लाख रुपयांचे संरक्षण आता राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना आहे, पण परदेशी गेलेल्या माणसाचे नाव शिधापत्रिकेवर आहे की नाही, हे त्याने आल्याबरोबर पाहून घेतले पाहिजे. कायमचे परतल्यावर एनआरई, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठीचे अनिवासी भारतीयाचे, खाते निवासी खात्यात बदलून घ्यावे लागते आणि त्यानंतर त्यावरचे व्याज करमुक्त राहत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. मी ज्या बँकेत गेलो, तिथल्या कर्मचाऱ्याने मला तीन वेगवेगळ्या खिडक्यांवर पाठवले आणि शेवटी उद्या या म्हणून सांगितले. त्या बिचाऱ्याला तरी ही माहिती कोणी दिली होती?

मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट निराळीच आहे, ती म्हणजे हातातल्या कसबाची नासाडी. तिकडे दहा-पंधरा वर्षे काम केलेला माणूस इमारतीच्या वातानुकूलनासाठी पाणी थंड करणारा चिलर प्लांट चालवतो, आगीची सूचना देणारी यंत्रणा तपासतो, विद्युतपुरवठा खंडित करून कुलूप व फलक लावल्याशिवाय पॅनेल उघडत नाही, लेखी परवान्याशिवाय उंचीवर चढत नाही. हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. असा माणूस सोलापुरात येऊन काय करतो? कोणी रिक्षा घेतो, कोणी गल्लीत किराणा दुकान टाकतो, कोणी उरलेली रक्कम घरावर घालून बसून राहतो. यांपैकी कोणतेही काम कमी प्रतीचे नाही, पण आपल्याच जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, चिंचोळी आणि अक्कलकोट रस्त्यावर औद्योगिक वसाहती आहेत, फताटेवाडीला एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, नवी मोठी रुग्णालये उभी राहत आहेत, आणि तिथे याच कामाची माणसे लागतात. अडते कुठे, तर कागदाशी. परदेशी कंपनीचे अनुभवपत्र इथल्या ठेकेदाराला वाचताही येत नाही आणि तो आयटीआयचे प्रमाणपत्र मागतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अनुभवातून मिळवलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. करोनाकाळात परत आलेल्यांच्या कौशल्यांची नोंद करण्यासाठी २०२० मध्ये केंद्राने ‘स्वदेस’ नावाचा उपक्रमही सुरू केला होता. या सोयी आमच्या वस्तीत पोहोचत नाहीत. केरळने अनिवासी केरळीयांसाठी १९९६ मध्ये ‘नोर्का’ हा स्वतंत्र विभाग स्थापन केला, आणि परतलेल्या माणसाला स्वतःचा व्यवसाय उभा करता यावा म्हणून तिथे ३० लाखांपर्यंतच्या प्रकल्पावर १५ टक्के भांडवली अनुदान मिळते. शारजातले माझे मल्याळी सहकारी परत जाण्याआधी या सगळ्याची माहिती घेऊन बसलेले असत. सोलापुरात चौकशी केली तेव्हा असे दार कुठे आहे, हे मला कोणी सांगू शकले नाही.

परतलेल्या माणसांविषयी एक तक्रार मीही ऐकतो, की ही माणसे सारखी ‘तिकडे असं नसतं’ म्हणत राहतात. तक्रार खोटी नाही. मात्र त्या बोलण्यात काही वेळा ऐकण्यासारखे असते. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घेण्यास बंदी आहे आणि ती मोडणाऱ्या मालकाला दंड होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि भर दुपारी तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर माणूस सुरक्षा पट्ट्याशिवाय, डोक्याला नुसता टॉवेल गुंडाळून गिलावा करताना दिसतो. मी आमच्या गल्लीतल्या एका बांधकामावर याबद्दल बोललो तेव्हा मुकादमाने शांतपणे सांगितले की, दादा, त्याला दुपारची सुट्टी दिली तर त्याची रोजी कापावी लागेल. त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, कारण तो प्रश्न ना त्या मुकादमाचा आहे ना माझा. तो कायद्याचा आणि तो कायदा अमलात आणणाऱ्यांचा आहे. तिकडची शिस्त मी डोक्यावर घेऊन नाचत नाही. तिथल्या खोल्यांत आठ-आठ जण राहतात, नोकरी गेली की देश सोडावा लागतो आणि पगार थकला तरी तोंड उघडताना माणूस दहा वेळा विचार करतो. इथे मी माझ्या नगरसेवकाला रस्त्यात थांबवून जाब विचारू शकतो, आणि ही मोकळीक मला परतल्यावर प्रथम जाणवली. या मोकळिकीत तिकडची सुरक्षेची शिस्त आणता येईल, आणि ती आणणारे हात आपल्याच शहरात रिकामे बसले आहेत.

चीनमध्ये वैद्यकीय सेवा करता करता १९४२ मध्ये तिथेच देह ठेवलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे जन्मघर या शहराने भैय्या चौकात स्मारक म्हणून जपले आहे, आणि त्याचा प्रत्येक सोलापूरकराप्रमाणे मलाही अभिमान आहे. दूर गेलेल्याला आपले म्हणण्याची ही रीत या शहराला ठाऊक आहे, म्हणूनच पुढील मागण्या करण्याचे धाडस करतो. जिल्हा कौशल्य विकास केंद्राने परदेशातून परतलेल्या कामगारांची स्वतंत्र नोंद ठेवावी आणि ती कारखाने व रुग्णालयांना उपलब्ध करून द्यावी. शासकीय आयटीआयने अनुभवी माणसांच्या चाचणीचे शिबिर घ्यावे, आणि ते जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ठेवावे, कारण त्या सुमारास सुट्टी मिळालेले अनेकजण घरी असतात आणि त्यांना परतण्याआधीच तयारी करता येईल. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेने त्याच शिबिरात एखादा जाणकार अधिकारी बसवून एनआरई खाते, पेन्शन आणि विमा यांची माहिती मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दूतून द्यावी. आपल्या शहराला या चारही भाषा येतात. आपल्या दैनिकाने या विषयावर पंधरवड्यातून एकदा वाचकांच्या प्रश्नांना जाणकारांकडून उत्तरे मिळवून दिली, तर सोलापुरात असलेल्या आणि फोनवर हेच पान वाचणाऱ्या तिकडच्या सोलापूरकरांचीही मोठी सोय होईल. शिबिर ठरल्यास विजेची कामे व इमारतींची देखभाल या विषयांतल्या चाचणीसाठी लागेल ती मदत मी आणि माझे परतलेले काही सहकारी विनामूल्य करू.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर
(नाव प्रसिद्ध करू नये ही विनंती, पूर्ण नाव व पत्ता सोबत जोडला आहे.)