भेकराचे सुळे आणि तुझी तांबडी

बेडफर्ड,
सप्टेंबरचा तिसरा आठवडा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. तुझ्या कुत्रीला, तांबडीला, या हिवाळ्यात फेझंट पक्ष्यांच्या शिकारीच्या हाक्यावर नेण्याचे तू नक्की केलेस हे वाचून फार बरे वाटले. रानात राबण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निपजवलेल्या कॉकर स्पॅनियलला दिवाणखान्यात बसवून ठेवणे हा तिच्यावर अन्यायच होता. मात्र त्याच पत्रात तू जाता जाता लिहिले आहेस की परवा ती एका भेकरामागे झुडपात घुसली, थोड्या वेळाने आपण होऊन परत आली, आणि करडाएवढ्या जनावराचे भय ते काय बाळगायचे. जनावरांचा डॉक्टर म्हणून माझे त्या वाक्याशी पटत नाही, आणि हे पत्र त्याच एका गोष्टीविषयी आहे.

तुमच्या नॉरफोकात आणि आमच्या बेडफर्डशरमध्ये दिसणारे भेकर मूळचे चीन व तैवानकडचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ड्यूक ऑफ बेडफर्डने ते वोबर्न या आपल्या जहागिरीच्या आवारात आणले आणि तिथून निसटलेल्या, सोडून दिलेल्या व पुढे माणसांनीच ठिकठिकाणी नेलेल्या जनावरांची प्रजा आज दक्षिण आणि मध्य इंग्लंडभर पसरली आहे. आपल्या कोयना-महाबळेश्वरच्या रानातल्या भेकराहून ते लहान असते. खांद्यापाशी उंची साधारण अर्धा मीटर आणि वजन १० ते १८ किलो. पण नराच्या तोंडाकडे एकदा नीट पाहा. त्याची आखूड शिंगे प्रतिस्पर्ध्याला ढकलून त्याचा तोल घालवण्याच्या कामी येतात. खरी चिरफाड होते ती वरच्या जबड्यातून ओठाबाहेर आलेल्या, मागे वळलेल्या, धारदार कडेच्या सुळ्यांनी. म्हाताऱ्या नरांचे फाटलेले कान आणि मानेवरचे वण हे आपसातल्या अशाच मारामाऱ्यांचे असतात. शिंगे उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात आणि शरदापर्यंत पुन्हा येतात. सुळे मात्र बारा महिने जागेवरच असतात. म्हणजे तुमचा हाक्याचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो तेव्हा नराजवळ दोन्ही हत्यारे असतात.

आता हे भेकर आपण होऊन कुत्र्यावर चालून येते असे मी मुळीच म्हणत नाही. ते पळते, आणि पळायला वाट असेल तर बहुतेक वेळा प्रकरण तिथेच संपते. अडचण अशी की लांबवर उघड्यावर धावत सुटण्याचा त्याचा पिंड नाही. ते थोडे अंतर झपाट्याने कापते, ओळखीच्या पायवाटेने दाट जाळीत शिरते आणि तिथे दबून बसते. स्पॅनियलचे कामच जाळीत घुसण्याचे. इथल्या ब्रॅम्बलच्या, म्हणजे काटेरी रानझुडपांच्या, जाळ्या आपल्याकडच्या करवंदीच्या जाळ्यांसारख्याच, आत शिरायला एखादे भोक आणि बाहेर पडायलाही तेच. त्या भोकात तांबडी उभी राहिली की भेकराची वाट बंद झाली. अशा वेळी नर डोके खाली घालून अंगावर येतो आणि मानेला झटका देऊन सुळा ओढतो. कुत्र्याचा चेहरा, मान, छाती आणि पुढच्या पायांच्या आतली बाजू त्याच उंचीवर येते, म्हणून जखमा तिथेच सापडतात. मालकाला यातले काहीच दिसत नाही. त्याला जाळीतून एक केकाटणे ऐकू येते आणि काही क्षणांत कुत्रे शेपूट हलवत बाहेर येते.

त्या शेपूट हलवण्यावर विश्वास ठेवू नकोस. काम करणारी कुत्री कामाच्या नशेत वेदना जाणवूच देत नाहीत, आणि सुळ्याच्या जखमेचे तोंड मुगाच्या दाण्याएवढे असू शकते. लांब, दाट केसांत ते दिसत नाही. दिसले तरी काटा लागला असेल असे वाटते, कारण काटे तर रोजच लागतात. पण कुत्र्याची कातडी सैल असते. सुळा आत शिरल्यावर जनावर झटका देते तेव्हा वरचे छिद्र तेवढेच राहते आणि आत कातडी मांसापासून सुटून एक पोकळी तयार होते. स्नायू फाटतात, सुळ्याबरोबर केस, माती आणि तोंडातले जंतू खोल जातात, आणि वरचे छिद्र खपली धरून बंद झाले की आत पू साठायला सुरुवात होते. दोन-तीन दिवसांनी कुत्रे मलूल होते, अंग तापते, जागा सुजते, आणि तेव्हा मालक आमच्या दारात येऊन विचारतो की हे एकाएकी कसे झाले. ते एकाएकी झालेले नसते. आम्ही केस भादरून छिद्रात सळई घालतो तेव्हा ती कधी कधी हातभर लांब जाईल की काय असे वाटण्याइतकी आत सरकते. मग भूल देऊन तोंड मोठे करायचे, मेलेले मांस काढायचे, सलाइनने धुऊन पाणी निघण्यासाठी नळी ठेवायची. पहिल्याच दिवशी आणले असते तर यातले बरेचसे टळले असते.

छातीवरची जखम याहून वेगळी, तिथे तासांचा हिशोब चालत नाही. सुळा किंवा शिंग फासळ्यांमधून आत गेले तर फुप्फुसाभोवती हवा शिरते आणि फुप्फुस आकसते. श्वास उथळ व भरभर, पोट ओढून घेतलेला, हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर. असे काही दिसले की छिद्रावर स्वच्छ ओले फडके किंवा स्वयंपाकघरातले प्लास्टिकचे वेष्टन दाबून धर आणि थेट दवाखाना गाठ. पोटाजवळची जखम आणि डोळ्याजवळची जखम यांनाही हाच नियम. एरवी रानात करण्यासारखे फारसे काही नसते. उकळून थंड केलेल्या पाण्याने किंवा सलाइनने धुवायचे, रक्त येत असेल तर दाबून धरायचे, आणि जनावराला चालवत न नेता उचलून गाडीत ठेवायचे. आपल्या घरातल्या सवयीने छिद्रात हळद भरू नकोस. वरून ते बंद करण्याची आपल्याला घाई नाही. तुझ्या खिशातली आयबुप्रोफेनची गोळी तर अजिबात नको, ती कुत्र्याला विषासारखी बाधते. आणि संध्याकाळी घरी आल्यावर, ती कितीही उड्या मारत असली तरी, बोटांनी केस उलटे फिरवत गळ्यापासून जांघेपर्यंत तिचे सगळे अंग चाचप. ओलसर चिकटलेला केसांचा झुपका हीच बहुतेक वेळा पहिली खूण असते. लोक कुत्र्यांना निओप्रिनचे, म्हणजे जाड रबरी कापडाचे, जाकीट घालतात ते थंडीसाठी आणि काट्यांसाठी ठीक आहे. त्याच्या भरवशावर तिला भेकरासमोर सोडू नये.

तुमच्या भागात आणखी एक पाहुणे आहे, चिनी पाणहरीण. ते भेकराच्या जवळपासचे, थोडे उंच. त्याला शिंगे नसतात, पण नराचे सुळे आठ सेंटिमीटरपर्यंत वाढतात. ब्रॉड्सच्या, म्हणजे तुमच्याकडच्या उथळ तळ्यांच्या प्रदेशातल्या, बोरूच्या दलदलीत ते राहते, म्हणजे नेमके तिथेच जिथे उद्या तू तांबडीला बदक आणायला पाठवशील, आणि त्याचा माजाचा काळ नोव्हेंबर-डिसेंबरात, ऐन हंगामात येतो. त्या दिवसांत नर एकमेकांना फाडायच्या तयारीत असतात. गाठ पडण्याचा संभव भेकरापेक्षा कमी असला तरी दलदलीच्या कडेला तिला नजरेआड जाऊ देऊ नकोस.

भेकराची मादी सुळ्यांच्या बाबतीत निरुपद्रवी असते, पण तिच्यामुळे एक वेगळा घोळ होतो. इतर हरणे ठरावीक ऋतूत वितात, त्यामुळे त्या काळात कुत्री रानाबाहेर ठेवता येतात. भेकराला असा ऋतू नाही. पिल्लू झाल्यावर काही दिवसांतच मादी पुन्हा गाभण राहते आणि सुमारे सात महिन्यांनी पुन्हा विते. म्हणून जानेवारीच्या जाळीतही पिल्लू असू शकते. मादी आपल्या खुरांनी कुत्र्याला झोडपूही शकते. आणि त्याच जाळीत कुत्र्याच्या तोंडी पिल्लू लागले तर तो प्रसंग कोणालाच शोभणारा नाही. आपल्या सह्याद्रीत गावकुत्र्यांकडून भेकरे मारली जाण्याची गोष्ट तुला मी नव्याने सांगायला नको.

यावरचा खरा इलाज माझ्या दवाखान्यात नसून तुझ्या शिट्टीत आहे. एका शिट्टीवर जागच्या जागी बसणे हे तिला पक्ष्यांसाठी शिकवतातच. ते हरणासाठीही पक्के व्हायला हवे, कारण भेकर पळताना समोरून फडफडणाऱ्या पक्ष्यापेक्षा कितीतरी मोठा मोह असतो आणि त्याचे ते एकसुरी भुंकणे ऐकून चांगली शिकलेली कुत्रीही चेकाळतात. एकदा पाठलागाची गोडी लागली की जखमेपेक्षाही मोठे धोके मागे येतात: भेकर कुंपणाच्या ज्या फटीतून सहज निसटते तिथेच कुत्रे काटेरी तारेत अडकते, आणि भेकराने ओलांडलेल्या रस्त्यावर मागून येणारी मोटार कुत्र्याला गाठते. शिवाय २००४ च्या हंटिंग ॲक्टप्रमाणे इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांकरवी रानटी हरणाचा पाठलाग करवणे हा गुन्हा आहे. त्याला काही अपवाद आहेत, पण हौशी पाठलाग त्यांत बसत नाही. तेव्हा निदान पहिला हंगामभर तिला तुझ्या हाकेच्या टापूतच काम करू दे, आणि एखाद्या जाळीत भेकर आहे असे कोणी ओरडले तर तिला साखळीला लावून जाळीची एक बाजू मोकळी सोड. भेकर आपले आपण जाईल.

गोचिडांचे औषध हंगामभर चालू ठेव. जिथे हरणे तिथे गोचीड आलेच. मारलेल्या हरणाचे कच्चे काळीज किंवा आतडी लोक कौतुकाने कुत्र्यांपुढे टाकतात, तेही तिला खाऊ देऊ नकोस.

पहिल्या हाक्याला जाशील तेव्हा तुमच्या प्रमुखाला एवढे विचारून मला कळव, की भेकर उठले तर हाकाऱ्यांना सूचना देण्याची त्यांची काय पद्धत आहे आणि सर्वांत जवळचा दवाखाना शनिवारी किती वाजेपर्यंत उघडा असतो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश