नवी पाटी सगळ्यात शेवटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बंद पडलेली करमणुकीची बाग विकत घ्यायची, तिला संगीताची थीम द्यायची, नवे नाव लावायचे आणि दिवाळीला फीत कापायची, असा विचार खान्देशात कुणी करत असेल, किंवा संगीताचीच बुडालेली बाग पुन्हा उभी करू म्हणत असेल, तर हे पत्र त्यांच्यासाठी आहे. पाळणे, ध्वनियंत्रणा आणि वीज या तीन कामांतली आम्ही माणसे आहोत. अशा कामात पैसा आधी नावावर आणि रंगावर जातो आणि बेअरिंगपाशी पोहोचेपर्यंत संपतो. क्रम उलटा हवा, एवढेच आम्हाला सांगायचे आहे, पण ते तपशिलाने सांगितल्याशिवाय पटणार नाही.

अमेरिकेत दक्षिण कॅरोलायना राज्यातल्या मर्टल बीचला २००८ मध्ये ‘हार्ड रॉक पार्क’ ही रॉक संगीताची बाग सुरू झाली. खर्च सुमारे ४० कोटी डॉलर, जागा ५५ एकर, आणि लेड झेपेलिन या बँडच्या नावाचा मोठा रोलर कोस्टर. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ती दिवाळखोरीच्या कोर्टात गेली. फेब्रुवारी २००९ मध्ये नव्या मालकांनी ती अडीच कोटी डॉलरला घेतली, म्हणजे बांधणीखर्चाच्या सोळाव्या हिश्श्यात, आणि मे महिन्यात ‘फ्रीस्टाइल म्युझिक पार्क’ या नावाने दार उघडले. जुन्या नावाचा परवाना संपलेला असल्याने कोस्टर ‘टाइम मशीन’ झाला, विभागांची नावे बदलली. तरीही जुन्या मांडणीचे हक्क असलेली कंपनी कोर्टात गेलीच. तो हंगाम संपला आणि बाग पुन्हा उघडली नाही. २००८ ची मंदी हे कारण खरेच आहे. पण इतक्या स्वस्तात मिळालेल्या बागेचे पहिले तीन महिने जुनी नावे खरवडण्यात जावेत, यातच तिची मोठी अडचण दिसते: तिचे संगीत तिचे स्वतःचे नव्हते, उसने आणलेले होते. दिवाळखोरीत जमीन मिळते, लोखंड मिळते, गाण्याचा परवाना त्यासोबत आपोआप येत नाही.

त्याच देशात टेनेसी राज्यात १९६१ पासून एक छोटी रेल्वेची बाग होती. तिची नावे दोनदा बदलून झाली, आणि १९८६ मध्ये ती ‘डॉलीवूड’ झाली. ती आजही चालते. डॉली पार्टन ही गायिका त्याच परिसरात जन्मलेली, आणि बाग चालवणारी मंडळी त्या धंद्यात आधीपासून मुरलेली. नाव तिथेही बदलले, पण नावामागे मातीतले माणूस आणि अनुभवी हात दोन्ही होते. आपल्याकडे खोपोलीजवळची ‘इमॅजिका’ २०१३ मध्ये सुरू झाली आणि कर्जाखाली दबली. कर्जाची पुनर्रचना होऊन संगमनेरचा मालपाणी समूह २०२२ मध्ये आला, तेव्हा कुठे तिला श्वास घेता आला. म्हणून पहिला प्रश्न हा: जुने कर्ज, थकलेले वीजबिल, कामगारांची देणी आणि जमिनीचा करार यांचे काय झाले? ते कागद मोकळे नसतील तर पुढचे वाचायची गरज नाही.

कागद मोकळे असतील तर यंत्रांकडे या. दोन-तीन पावसाळे उभ्या राहिलेल्या पाळण्याचे बटण दाबून ‘चालतो का’ बघणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. ग्रीस घट्ट झालेले असते, गिअरबॉक्सच्या तळाशी पाणी बसलेले असते, आणि बेअरिंगमध्ये रोलर जिथे थांबले तिथे रिंगवर गंजाच्या रेषा उमटलेल्या असतात. हाताने हळू फिरवले तर ठरावीक अंतराने टकटक जाणवते. असे बेअरिंग धुऊन, नवे ग्रीस भरून चालत नाही, ते बदलावेच लागते. गिअरबॉक्सचे तेल काढून पांढऱ्या फडक्यावर ओता. दुधाळ दिसले तर पाणी आहे, चमकी दिसली तर दाते झिजले आहेत.

मोटार सुरू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे इन्सुलेशन मोजायच्या मीटरने, तपासा. ४१५ व्होल्टच्या मोटारीचे इन्सुलेशन १ मेगाओमच्या खाली असेल तर आधी वाळवा, मग पुन्हा मोजा. वर्षाहून अधिक बंद असलेल्या व्हीएफडी ड्राइव्हला (मोटारीचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्राला) थेट पूर्ण व्होल्टेज दिले तर आतले कपॅसिटर फुटू शकतात. कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवावे लागते. आणि पीएलसीची, म्हणजे पाळणा चालवणाऱ्या छोट्या संगणकाची, बॅटरी. ही काही रुपयांची वस्तू संपली की जुन्या पीएलसीतला प्रोग्राम पुसला जातो, आणि प्रोग्रामची प्रत नसेल, बनवणारी कंपनीही उरलेली नसेल, तर लाखोंचा पाळणा भंगाराच्या भावाचा होतो. बाग विकत घेण्याआधी प्रत्येक पाळण्याची ड्रॉइंग, सुटे भाग मिळण्याचे ठिकाण आणि प्रोग्रामची प्रत मागा. ज्याचे यातले काहीच मिळत नाही त्याची किंमत शून्य धरा.

सांगाड्यात सगळ्यात फसवी जागा म्हणजे पोकळ खांबाचा पाया. वरून रंग छान असतो, आत पाणी साचून पत्रा खाल्लेला असतो, कारण तळाचे पाणी निघायचे भोक मातीने बुजलेले असते. अल्ट्रासॉनिक गेजने तळापासून अर्ध्या मीटरपर्यंत चारही बाजूंनी जाडी मोजा. मूळ ८ मिमीचे ७.२ च्या खाली आले, म्हणजे दहावा हिस्सा गेला, की आम्ही काम थांबवून रचना तपासणाऱ्या इंजिनिअरकडे जातो. वेल्डिंगच्या सांध्यांवर डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणाऱ्या रंगीत द्रवाची) चाचणी करा, पण आधीचा रंग खरवडून. रंगावरून केलेली चाचणी ही फक्त फोटोपुरती.

आपल्याकडची काळी माती हा वेगळाच विषय आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. उथळ पायावरचे खांब काही वर्षांत वेगवेगळे वर-खाली होतात, आकाशपाळण्याचा आस झुकतो, आणि मग बेअरिंग वारंवार जाते म्हणून लोक बेअरिंगवाल्याला दोष देतात. लेव्हल लावून सर्व पायांची उंची एकदा मे महिन्यात आणि एकदा सप्टेंबरात मोजा. अर्थिंगही मेमध्येच मोजा. श्रावणात ओल्या जमिनीत मोजलेले अर्थिंग नेहमी चांगलेच येते.

लॅप बारचे, म्हणजे मांडीवर येणाऱ्या सुरक्षा दांड्याचे, खटके आणि स्प्रिंग बदला. पट्टे सगळेच बदला. उन्हात राहिलेला पट्टा दिसायला धड असतो, ताकद गेलेली असते. पॉलियुरेथेनची (रबरासारख्या प्लॅस्टिकची) चाके दमट जागी पडून राहिली तर चुरा होतात, आणि आपल्या ४५ अंशांच्या दुपारी लोखंडी हबपासून त्यांचे आवरण सुटू लागते. म्हणून चाकाच्या प्रत्येक जोडीवर बसवल्याची तारीख रंगवा.

मग भार चाचणी. २४ आसनांच्या पाळण्याला माणशी ७५ किलो धरून १८०० किलो, म्हणजे २५ किलोची ७२ वाळूची पोती लागतात. आधी शंभर रिकाम्या फेऱ्या, मग पूर्ण भार, मग एकाच बाजूला भार, कारण खऱ्या गर्दीत लोक तसेच बसतात. मध्येच वीज तोडा आणि सगळ्यात वरच्या डब्यातली पोती खाली यायला किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून बघा. जनरेटर सुरू झालाच नाही असे धरून हाताने ब्रेक सोडायचा सरावही तेव्हाच करून घ्या. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५४७५ हे मानक याच विषयाचे आहे. ते ऑफिसच्या कपाटात नको, पाळणा चालवणाऱ्याच्या हाताशी हवे, आणि रोजच्या तपासणीचे तक्ते मराठीत करून.

यंत्रे उभी राहिली की संगीत. बागेत संगीत फसते ते बहुधा मोठ्या आवाजामुळे. दोन भलेमोठे स्पीकर दारात लावायचे आणि सगळीकडे ऐकू जावे म्हणून चढवायचे, हा लग्नाच्या मांडवातला हिशेब इथे चालत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने पडतो. एका मीटरवर ८५ असेल तर ८ मीटरवर ६७ आणि १६ मीटरवर ६१. म्हणून दर ६ ते ८ मीटरला छोटे स्पीकर, १०० व्होल्ट लाइनवर (एकाच लांब तारेवर अनेक स्पीकर जोडायची पद्धत), कमी आवाजात. मग एका विभागातले गाणे दुसऱ्यात घुसत नाही. चौकात उभे राहून तीन गाणी एकदम ऐकू येत असतील तर ती संगीताची बाग नव्हे, तो गोंगाट. लांबच्या स्पीकरला विलंब द्या: ३४ मीटरला साधारण १०० मिलिसेकंद, नाहीतर शब्द दोनदा ऐकू येतात. गाण्यांचा फेरा तासाभराहून लहान नको. बारा मिनिटांची तीच तीच गाणी दिवसभर ऐकणारा कामगार आठवड्यात आवाज बंद करून टाकतो, आणि त्याचे काही चुकत नाही.

शेजारच्या गावाचाही विचार करा. दिवसा तापलेल्या जमिनीवर आवाज वर वळतो. सूर्य बुडाल्यावर जमिनीलगतची हवा आधी गार होते आणि आवाज खाली वळून लांबवर जातो. दुपारी घेतलेले मोजमाप म्हणूनच रात्री खोटे ठरते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. खान्देशात बाग चालणार संध्याकाळी ५ ते १०, हे त्यामुळे ठरूनच गेले. दुपारी फायबरच्या आसनावर मूल बसवणे हा त्याला चटकाच आहे.

पाच तासांचा हिशेब मांडून बघा. २००० लोक आले आणि प्रत्येकाला सहा खेळ हवे असले तर १२,००० फेऱ्या, म्हणजे तासाला २४००. २४ आसनांचा पाळणा चढ-उतार धरून चार मिनिटांचा, म्हणजे कागदावर तासाला ३६०, प्रत्यक्षात २४०. असे दहा पाळणे लागतील. त्याऐवजी ४०० माणसांचा एक मांडव आणि तासाला २५ मिनिटांचा एक जिवंत कार्यक्रम ठेवला, तर दीड पाळण्याहून अधिक गर्दी तो एकटा घेतो, त्याला गिअरबॉक्स नसतो, आणि थीमही तिथेच खरी होते.

आणि इथेच खान्देशाची बाजू भक्कम आहे. झोका आणि गाणे आपल्याकडे आधीपासून एकत्र आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या झाडाला झोके बांधून गौराईची गाणी म्हणतात, हाच आपला संगीताचा पाळणा. चार मीटर दोराच्या झोक्याला जाऊन परत यायला चार सेकंद लागतात, मिनिटाला पंधरा झोके, आणि गाण्याची लय त्यावरच बसते. पुढे-मागे मोकळी जागा, खाली जाड वाळू, दोराऐवजी साखळी, एवढ्यावर असा विभाग उभा राहतो. मांडवात वही गायन (खान्देशी लोकगायन), सातपुड्यातले ढोल, अहिराणी गाणी. कानबाई या खान्देशी देवीची गाणी आणि आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाची पावरी (फुंकून वाजवायचे वाद्य) मात्र पूजेतली आहेत, ती खाऊच्या दुकानांशेजारी वाजवू नयेत, असे आम्हाला मनापासून वाटते.

हक्कांचे काम यातही आहे, पण आवाक्यातले. तयार चित्रपटगीते वाजवायची तर शब्द आणि चालीचा परवाना वेगळा, ध्वनिमुद्रणाचा वेगळा, आणि दोन्ही दरवर्षी. त्याउलट बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या, कविता पुस्तकरूपाने १९५२ मध्ये आल्या, साठ वर्षांची मुदत २०१२ च्या अखेरीस संपली. ते शब्द आज कुणीही नव्या चालीत गाऊ शकतो. नंतर बांधलेल्या चाली आणि ध्वनिमुद्रणे मात्र ज्याची त्याची आहेत, ती उचलू नका. परंपरेतल्या गाण्याला मालक नाही, पण गाणाऱ्या बाईला तिच्या गाण्यावर कायद्याने हक्क आहे. करार लेखी करा, तिला समजेल अशा भाषेत करा, आणि मोबदला आकड्यात लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. ‘तुम्हाला प्रसिद्धी मिळेल’ हा मोबदला नव्हे.

तिकिटाचा दर ठरवताना वस्तू व सेवा कर विसरू नका. जानेवारी २०१८ मध्ये तो २८ वरून १८ टक्क्यांवर आला. १८ टक्क्यांनी ५०० रुपयांच्या तिकिटातले ७६ रुपये २७ पैसे सरकारचे, आणि उरलेल्यातून बंद दिवसांचाही वीज मागणी आकार (वापर नसला तरी लागणारा) भरायचा असतो. पावसाळ्याचे तीन महिने उत्पन्न शून्य धरून हिशेब बसत असेल तरच पुढे जा.

नाव? नाव एका दिवसाचे काम आहे. व्यापारचिन्हाच्या ४१ व्या, म्हणजे करमणूक सेवांच्या, वर्गात शोध घ्या, अर्ज करा, आणि जुने नाव पाटीवरून, तिकिटावरून, गणवेशावरून, मोबाइलच्या नकाशावरून एकाच आठवड्यात काढा. पण दार आधी पाटीशिवाय उघडा. कापसाचे पैसे हाती येतात तेव्हा, डिसेंबरच्या एखाद्या मंगळवार-बुधवारी, जवळच्या गावातली दोनशे माणसे बोलवा, निम्मेच पाळणे चालवा, मांडवातला कार्यक्रम पूर्ण होऊ द्या. महिनाभर रोज कोणता पाळणा किती मिनिटे बंद राहिला ते वहीत लिहा. पाटी रंगवणाऱ्याला ती वही बघून बोलवा.

आपले,
पाळणे, ध्वनियंत्रणा आणि वीजजोडणीच्या कामातली काही मंडळी
धुळे, जळगाव