मावशीची जन्मतारीख

एडिसन, रविवार दुपार

चि. मृणालिनीस,
अनेक आशीर्वाद.

काल तू नव्या सरकारी नोकरीच्या फॉर्मसाठी सुमनमावशीची जन्मतारीख विचारलीस आणि मी "शोधून सांगते" म्हणून फोन ठेवला. ती शेवटी लिहिते. आधी बाकीचं, कारण फोनवर तू कायम घाईत असतेस आणि मध्येच तुझे बाबा पगाराचा विषय काढतात.

त्यांचं मनावर घेऊ नकोस. मॅनहॅटनची फर्म सोडून नेवार्कला फेडरल प्रॉसिक्यूटर, म्हणजे केंद्र सरकारची वकील, व्हायचं तर पगार निम्म्यावरही थांबत नाही, आणि लॉ स्कूलचं कर्ज अजून फिटायचंय. हा सगळा हिशेब त्यांनी एका पाकिटाच्या मागे मांडून फ्रिजला चिकटवलाय. पण परवा पुण्याला काकांशी बोलताना म्हणाले, "आमची मृणाल आता कोर्टात उभी राहून सांगणार, युनायटेड स्टेट्सच्या वतीने!" आवाज केवढा चढला होता!

मला मात्र आनंदाबरोबर थोडी धास्तीही वाटतेय.

लग्नाआधी मी सहा वर्षं कोर्टात स्टेनो होते. साक्षीदार मराठीत बोलायचा, न्यायाधीशसाहेब ते इंग्रजीत सांगायचे, मी टाइप करायचे. एकदा एक म्हातारा शेतकरी उलटतपासणीत म्हणाला, "म्या बघितलं बी आन् न्हाई बी." साहेबांनी सांगितलं, मी पाहिलं नाही. मी तेच बडवलं. खाली त्याचा अंगठा घेतला. अंधार होता, कंदील लांब होता, एवढंच त्याला म्हणायचं असावं. तुमच्याकडे साक्षीदाराचा प्रत्येक शब्द जसाच्या तसा उतरवून घेतात हे तू सांगितलंस तेव्हा मला पहिल्यांदा तो म्हातारा आठवला.

तिथले सरकारी वकील, म्हणजे आमचे पीपी साहेब, पोलिसांनी आणून दिलेलं आरोपपत्र घेऊन उभे राहायचे. तपास पोलिसांचा, कागद पोलिसांचे, आणि साक्षीदार फितूर झाला की बोल पीपींना. सकाळी फाइल हातात पडायची आणि तासाभरात पुकारा. सरकारी वकील म्हणजे हाच, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं. तुझी पुस्तकं चाळताना कळलं की इथे गाडं उलटं आहे. एफबीआय तपास करील, पण आरोप ठेवायचा की नाही, कोणत्या कलमाखाली, हे ठरवणार सरकारी वकील. ग्रँड ज्युरी असते, १६ ते २३ सामान्य नागरिकांची, त्यातल्या १२ जणांनी हो म्हटलं की आरोप ठरला. पण त्या खोलीत ना न्यायाधीश, ना आरोपीचा वकील. बोलणारी तूच. पुढे शंभरातले नव्वदहून जास्त दोषी खटला न चालताच गुन्हा कबूल करतात. म्हणजे ज्या उलटतपासणीची तू आरशासमोर तालीम करायचीस, ती क्वचितच. खरा निकाल तुझ्या टेबलावर लागणार, कोणी बघत नसताना.

ड्रग्जच्या खटल्यांचं तर मला नवलच वाटलं. १९८६ च्या कायद्याने पाच ग्रॅम क्रॅकला (कोकेनचे ओढायचे खडे) किमान पाच वर्षं ठेवली होती. तेवढ्याच शिक्षेसाठी कोकेनची पावडर मात्र ५०० ग्रॅम लागायची. पाच ग्रॅम म्हणजे चहात घालतो ती चमचाभर साखर! २०१० मध्ये शंभरास एक हे प्रमाण अठरास एकवर आणलं, म्हणजे तोवर चोवीस वर्षं माणसं त्या चमच्यावर आत जात होती. किमान शिक्षा लागू झाली की न्यायाधीशाचेही हात बरेचसे बांधलेले. आणि ती लागू होईल असं कलम लावायचं की नाही, हे पुन्हा सरकारी वकिलाच्या हाती.

रॉबर्ट जॅक्सन १९४० मध्ये अॅटर्नी जनरल, म्हणजे सगळ्या फेडरल वकिलांचे वरिष्ठ, होते. देशभरच्या फेडरल वकिलांना गोळा करून त्यांनी सांगितलं होतं, की आधी माणूस हेरायचा आणि मग त्याच्यासाठी कायद्याच्या पुस्तकात गुन्हा धुंडाळायचा, सगळ्यात मोठा धोका तिथे आहे. (त्यांनी वकिली सुरू केली तेव्हा त्यांच्याकडे लॉची पदवी नव्हती. हे बाबांना सांगू नकोस.)

आता माझी धास्ती. तुला हरता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीत बदाम सात खेळताना तू चौकटची अठ्ठी दाबून बसायचीस. दादाच्या हातात नव्वी, दश्शी, गुलाम रांगेने अडकलेले, आणि तू निर्विकार चेहऱ्याने दुसरंच पान टाकायचीस. आम्ही हसायचो. अलास्काचे सेनेटर टेड स्टीव्हन्स यांचं वाचलं तेव्हा मला ती अठ्ठी आठवली. २००८ च्या ऑक्टोबरमध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं, काही दिवसांतच ते निवडणूक हरले, चाळीस वर्षांची कारकीर्द संपली. एप्रिल २००९ मध्ये निकाल रद्द झाला, कारण आरोपीच्या उपयोगाचा पुरावा सरकारी वकिलांनी त्याच्या वकिलांना दिलाच नव्हता. असा पुरावा द्यावाच लागतो, हे सुप्रीम कोर्टाने १९६३ च्या ब्रॅडी खटल्यात सांगून ठेवलेलं. ती माणसं अडाणी नव्हती गं, तुझ्यासारखीच हुशार, जिंकायची सवय असलेली.

न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतल्या अधिकारी देवयानी खोब्रागडे यांचं प्रकरण आठवतं? २०१३ चा डिसेंबर. घरकामाच्या बाईच्या व्हिसा अर्जात पगाराबद्दल खोटं लिहिलं असा आरोप, अटक, कपडे उतरवून झडती. आपल्या मंडळात दोन तट पडले. खटला भरणारे सरकारी वकील प्रीत भरारा जन्माने फिरोजपूरचे, वाढलेले आपल्या न्यू जर्सीत, म्हणून काहींनी त्यांना घरभेदी ठरवलं. मीही रागावले होते, झडतीचं वाचून. पुढे राजनैतिक संरक्षणामुळे आरोपपत्र रद्द झालं, दोनच दिवसांत नवं दाखल झालं, पण त्या देशाबाहेर गेलेल्या, त्यामुळे खरं-खोटं कोर्टात कधी ठरलंच नाही. आमच्या हळदीकुंकवातल्या तासभराच्या वादात त्या काम करणाऱ्या बाईबद्दल एकही वाक्य निघालं नाही, हे मला फार उशिरा जाणवलं. उद्या तुझ्यासमोर आपल्यापैकी कोणाची फाइल आली तर मंडळात आम्हाला ऐकून घ्यावं लागेल. ऐकू. दाणेकूट करताना अशीही बोलणी चालूच असतात.

बाबांचं शेवटचं पालुपद, "निदान सरकारी नोकरी, पक्की." मॅनहॅटनच्या तेव्हाच्या हंगामी मुख्य फेडरल वकील डॅनिएल सॅसून यांना विचारायला हवं. न्यूयॉर्कच्या महापौरांवरचा खटला मागे घ्या, असा फेब्रुवारी २०२५ मध्ये वरून आदेश आला. त्यांनी लेखी नकार दिला आणि राजीनामा दिला. तुझ्यावर तशी वेळ आली तर इथे वरची खोली रिकामीच आहे. तुझं ब्रुकलिनचं घर कामाच्या जिल्ह्याच्या हद्दीपासून २५ मैलांत राहायच्या नियमात बसतं म्हणालीस, म्हणजे त्या निमित्ताने तू एडिसनला राहायला येशील ही माझी आशा गेलीच.

तर मावशीची जन्मतारीख. गुरुजींनी शाळेत १ जून १९६१ लावली, तीच पासपोर्टवर आहे. पण आजी सांगायची, पानशेत फुटलं आणि चार दिवसांनी सुमन झाली. म्हणजे १६ जुलै. फॉर्ममध्ये एकच चौकोन आहे म्हणालीस, त्यात पासपोर्टवरची घाल, आणि शेऱ्याच्या जागेत दुसरीही लिही, कारणासकट. मी खात्री करायला तिला फोन केला, तर म्हणाली, "का गं, अमेरिकेचं सरकार माझा वाढदिवस करणार आहे का?"

तुझी,
आई