मधल्या लेखकाने जायचं कुठे?

मा. संपादक,

परवा आपल्याकडे अमेरिकेतल्या एलजीबीटी (म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर) साहित्य पुरस्कारांवर एका वाचकाचं पत्र आलं होतं, साहित्य ते साहित्य, मग यांचा वेगळा पुरस्कार कशाला असं विचारलंय. प्रश्न रास्त आहे, पण सगळे पुरस्कार एकाच तराजूत टाकलेत तेवढं खटकलं म्हणून हे लिहितेय.

लॅम्डा लिटररी ही तिकडची एलजीबीटी साहित्यासाठी काम करणारी संस्था जिम डगिन्स यांच्या नावाचा एक पुरस्कार देते, तो एका पुस्तकाला नसून कादंबरीकाराला असतो, आणि तोही अधल्यामधल्या, म्हणजे जो नवखा राहिला नाही आणि ज्येष्ठही झाला नाही अशा. किमान तीन कादंबऱ्या छापून आलेल्या हव्यात, नाहीतर दोन आणि जोडीला बऱ्यापैकी इतर लेखन. २०१३ ला निकोला ग्रिफिथ आणि ट्रेबर हीली यांना मिळाला. ग्रिफिथबाईंची पहिली कादंबरी येऊन तोवर वीसेक वर्षं झालेली! रक्कम ५,००० डॉलर, म्हणजे न्यूयॉर्कात एखाद-दुसऱ्या महिन्याचं भाडं निघेल, त्यात कोणी श्रीमंत होत नाही.

पण मधलाच लेखक का, तर पहिल्या कादंबरीचं कौतुक होतं, नवा आवाज वगैरे म्हणतात, आणि म्हातारपणी जीवनगौरव असतोच (तिकडे बिल व्हाइटहेड पुरस्कार आहे, १९८९ पासून). चौथी कादंबरी घेऊन गेलं की मात्र प्रकाशक आधी मागच्या तिन्हींच्या खपाचा आकडा काढून बसतो. पूर्वी निदान एलजीबीटी पुस्तकांची खास दुकानं होती. न्यूयॉर्कचं ऑस्कर वाइल्ड बुकशॉप १९६७ चं, वॉशिंग्टनचं लॅम्डा रायझिंग १९७४ चं, लॅम्डा संस्थेची मुळंच या दुसऱ्या दुकानात आहेत. अशा दुकानात काउंटरवरचा माणूस विचारायचा, हे आवडलं ना, मग याच लेखकाचं हे आधीचं घेऊन जा. जुनं पुस्तक हातोहातच जिवंत राहतं हो, जाहिरात त्याची कोण करणार! २००९ च्या मार्चमध्ये पहिलं बंद झालं, २०१० च्या जानेवारीत दुसरं, म्हणजे वर्षही मध्ये गेलं नाही.

आणि वेगळं कशाला हा वाद त्यांच्यातच होऊन गेलाय. २००९ मध्ये लॅम्डाने नियम केला की पुरस्कारांसाठी लेखक स्वतः एलजीबीटी असायला हवा, त्यावर बरीच भांडणं झाली, शेवटी २०११ मध्ये पुस्तकांचे बहुतेक पुरस्कार सगळ्यांना खुले केले आणि हा मधल्या लेखकांचा वगैरे मोजके तेवढे राखीव ठेवले. मला तरी हे पटतं. पुस्तक कोणीही लिहावं, पण वीस वर्षं आपल्याच जगण्यावर लिहून, वर ‘तुमचा वाचक किती’ हे ऐकून घेणाऱ्याला एखादी जागा राखली तर बिघडलं काय?

एक विनंती. या पुरस्काराची बातमी कधी दिलीत तर नाव आणि रक्कम एवढ्यावर थांबू नका, लेखकाच्या आधीच्या कादंबऱ्यांची यादी छापा, बारीक टायपात चालेल, म्हणजे लायब्ररीत जाऊन मागता तरी येतील.

— आपली एक नेहमीची वाचक